एक्याऐंशी चौकटींत बसवलेले धर्म : एका तुलनात्मक तक्त्याचे परीक्षण

जगातील प्रमुख धर्मांचा उगम आणि त्यांची मूलतत्त्वे एका दृष्टिक्षेपात दिसावीत, या हेतूने तयार केलेला एक मोठा भित्तितक्ता आणि त्यासोबत मिळणारी छोटी पुस्तिका, असा हा संच आहे. तक्त्यात हिंदू, जैन, बौद्ध, शीख, जरथुश्त्री (पारशी), यहुदी, ख्रिस्ती, इस्लाम आणि ‘चिनी परंपरा’ असे नऊ उभे स्तंभ आहेत. संस्थापक, उगमकाळ, उगमस्थान, धर्मग्रंथ, ईश्वरकल्पना, मुख्य श्रद्धा, मरणोत्तर गती, पंथ आणि अनुयायांची संख्या अशा नऊ आडव्या ओळी आहेत. तळाशी एक कालरेषा असून कोणत्या धर्माचा प्रभाव कोणावर पडला हे तिच्यावर बाणांनी दाखवले आहे.

माझे मत आधीच सांगतो. चौकटींत भरलेली माहिती बहुतांशी बिनचूक आहे आणि ती जमवताना संपादकांनी कष्ट घेतलेले जाणवतात. तक्ता जिथे चकवतो ती जागा म्हणजे ओळींचे मथळे. प्रत्येक धर्माला तेच नऊ प्रश्न विचारले आहेत, आणि ते नऊ प्रश्न मुळात ख्रिस्ती धर्माच्या मापाने बेतलेले आहेत. त्यामुळे ख्रिस्ती धर्माचा स्तंभ वाचताना कुठेही अडखळायला होत नाही आणि जवळजवळ इतर प्रत्येक स्तंभात एखाददुसरी चौकट ओढूनताणून भरल्यासारखी वाटते.

‘संस्थापक’ ही पहिलीच ओळ घ्या. हिंदू धर्माच्या चौकटीत ‘संस्थापक नाही’ असे सरळ लिहिले आहे, ते योग्यच आहे. जैन स्तंभात महावीरांना संस्थापक म्हणण्याची जुनी चूक टाळून ऋषभदेव पहिले आणि महावीर चोविसावे तीर्थंकर अशी नोंद केली आहे, आणि महावीरांच्या सुमारे अडीचशे वर्षे आधीचे मानले जाणारे तेविसावे तीर्थंकर पार्श्वनाथ यांनाही जागा दिली आहे. इस्लामच्या चौकटीत मात्र ‘प्रेषित मुहंमद’ एवढेच आहे. इतिहासाच्या अंगाने पाहता हे समजण्यासारखे आहे. पण मुसलमानांच्या स्वतःच्या समजुतीनुसार मुहंमद हे आदमपासून सुरू झालेल्या आणि इब्राहिम, मूसा, ईसा यांच्यातून आलेल्या प्रेषितांच्या मालिकेतले अखेरचे प्रेषित आहेत, नव्या धर्माचे संस्थापक नव्हेत. हा फरक किरकोळ नाही; इस्लामचे आपल्या आधीच्या दोन धर्मांशी असलेले नाते याच समजुतीवर उभे आहे. येशूच्या बाबतीतही हाच पेच थोड्या वेगळ्या रीतीने येतो. येशू यहुदी म्हणून जन्मला आणि यहुदी म्हणून मरण पावला. त्याचे पहिले अनुयायीही यहुदीच होते. ख्रिस्ती लिखाणातील सर्वांत जुनी म्हणजे पौलाची पत्रे इ.स. ५० च्या दशकातली, आणि चार शुभवर्तमानांपैकी सर्वांत आधीचे मानले जाणारे मार्कचे शुभवर्तमान इ.स. ७० च्या सुमाराचे. स्वतंत्र धर्म म्हणून ही वाट यहुदी परंपरेपासून फुटायला काही पिढ्या लागल्या. ‘संस्थापक’ या एका शब्दात ही सगळी प्रक्रिया गडप होते.

उगमकाळाची ओळ ही या तक्त्याची खरी कमाई आहे. येथे संपादकांनी दोन रंगांची शाई वापरली आहे : इतिहाससंशोधनातून आलेला काळ काळ्या शाईत आणि परंपरेने मानलेला काळ तपकिरी शाईत. ऋग्वेदाच्या रचनेचा इ.स.पू. १५०० ते १००० हा काळ काळ्या शाईत आणि त्याखाली ‘अनादी’ हा शब्द तपकिरी शाईत असे वाचले की दोन्ही बाजूंना आपापल्या जागी मान मिळतो आणि वाचकाचा गोंधळही होत नाही. जरथुश्त्री धर्माचा प्रेषित झरथुश्त्र याच्या काळाबद्दलचा मतभेद असाच नीट मांडला आहे. परंपरेतून आलेली एक कालगणना त्याला अलेक्झांडरच्या २५८ वर्षे आधी ठेवते, तर त्याची रचना मानल्या जाणाऱ्या गाथा या स्तोत्रांची भाषा ऋग्वेदाच्या भाषेच्या इतकी जवळची आहे की अनेक अभ्यासक त्याला त्याहून कित्येक शतके मागे नेतात. बुद्धाबाबतही थेरवाद परंपरेचे महापरिनिर्वाणाचे इ.स.पू. ५४४ हे वर्ष तपकिरी शाईत आहे, आणि अनेक आधुनिक अभ्यासकांना मान्य असलेला इ.स.पू. ४०० च्या आसपासचा काळ काळ्या शाईत आहे.

इतकी चांगली युक्ती सापडल्यावर ती सगळीकडे सारखी वापरायला हवी होती. इस्लामच्या चौकटीत पहिल्या साक्षात्काराचे ६१० आणि मक्केहून मदिनेला झालेल्या स्थलांतराचे, म्हणजे हिजरतचे, ६२२ ही दोनच वर्षे काळ्या शाईत आहेत. तपकिरी शाईत ‘आदमपासून’ असे लिहिले असते तर वरच्या ओळीतली उणीवही बरीचशी भरून निघाली असती. यहुदी स्तंभात याच्या उलट घडले आहे. तिथे अब्राहमचा इ.स.पू. १८०० च्या सुमाराचा काळ काळ्या शाईत छापला आहे, म्हणजे तो इतिहास म्हणून सादर केला आहे. पुरातत्त्वाच्या आधाराने पाहिले तर ‘इस्राएल’ या नावाचा सर्वमान्य असा सर्वांत जुना उल्लेख इजिप्तचा फारो मर्नेप्ताह याच्या इ.स.पू. १२०८ च्या सुमाराच्या शिलालेखात येतो. बॅबिलोनियनांनी इ.स.पू. ५८७-८६ मध्ये जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केल्यानंतरच्या निर्वासनकाळात त्या परंपरेतला एकेश्वरवाद ठाम आणि स्पष्ट झाला, असे अनेक अभ्यासक मानतात. इ.स. ७० मध्ये रोमनांनी दुसरे मंदिरही पाडले, तेव्हा यज्ञबळी आणि पुरोहित यांच्याभोवतीचा धर्म मावळला आणि रब्बींच्या (यहुदी धर्मपंडितांच्या) अध्ययनावर, प्रार्थनेवर आणि आचारनियमांवर आधारलेला आजचा यहुदी धर्म आकाराला आला. यांतला उगम नेमका कोणता? खरे तर या एका स्तंभात तीन तारखांना जागा हवी होती.

धर्मग्रंथांची ओळ दिसायला सर्वांत सोपी आहे आणि सर्वांत जास्त फसवते. वेद, आगम, त्रिपिटक, गुरू ग्रंथ साहिब, अवेस्ता, तनाख, बायबल, कुराण असे एकापुढे एक लिहिले की ही सर्व एकाच जातीची पुस्तके असून फक्त मजकूर वेगळा आहे, असा समज होतो. वेद शतकानुशतके लिहिले गेले नाहीत, म्हटले आणि ऐकले गेले. त्यांच्या पठणाचे स्वर आणि क्रम हाच त्यांच्या जपणुकीचा मार्ग होता. पाली त्रिपिटकही मौखिक होते आणि इ.स.पू. पहिल्या शतकात श्रीलंकेत ते प्रथम लिहून काढले गेले, असे परंपरा सांगते. जैनांमध्ये श्वेतांबर ज्यांना आगम म्हणून मानतात ते ग्रंथ दिगंबरांना मान्य नाहीत, कारण मूळ आगम लुप्त झाले अशी त्यांची धारणा आहे. दोघांनाही मान्य असलेले तत्त्वार्थसूत्र तक्त्यात आलेच नाही. बायबलच्या ग्रंथांची संख्यादेखील एक नाही : प्रॉटेस्टंटांचे बायबल ६६ ग्रंथांचे, रोमन कॅथलिकांचे ७३ ग्रंथांचे.

याहून खोल जाणारी गोष्ट कुराण आणि बायबल यांच्या तुलनेची आहे. इस्लामी श्रद्धेनुसार कुराण हे शब्दशः अल्लाहचे वचन आहे. मुहंमदांनी ते रचले नाही, त्यांच्यावर ते अवतरले. ख्रिस्ती धर्मात मात्र ईश्वराचे वचन म्हणजे प्रथम स्वतः येशू, आणि बायबल हे प्रेरणेने पण माणसांच्या हातून लिहिलेले त्याचे साक्षीपत्र. म्हणूनच कुराणासमोर बायबल ठेवण्यापेक्षा येशूला ठेवणे अधिक योग्य आहे, असे तौलनिक धर्माभ्यासात वारंवार सांगितले गेले आहे. तक्त्याच्या रचनेत हे दाखवणे अशक्य आहे, कारण एक गोष्ट ‘संस्थापक’ या ओळीत आहे आणि दुसरी ‘धर्मग्रंथ’ या ओळीत. शीख स्तंभाचीही हीच अडचण. गुरू अर्जन देव यांनी १६०४ मध्ये आदिग्रंथ सिद्ध केला. त्यात गुरूंच्या वाणीसोबत कबीर, रविदास, शेख फरीद आणि आपले नामदेव यांची पदे आहेत. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग यांनी नांदेड येथे देहधारी गुरूंची परंपरा थांबवून ग्रंथालाच गुरूपद दिले. मग तो ग्रंथ कोणत्या ओळीत लिहायचा? पुस्तिकेत यावर एक चांगला परिच्छेद आहे. तक्त्यावर त्याची खूणसुद्धा नाही.

ईश्वरकल्पनेच्या ओळीत एकेश्वरवादी, अनेकेश्वरवादी आणि निरीश्वरवादी अशा तीनच चिठ्ठ्या करून त्या नऊ स्तंभांना वाटल्या आहेत. इस्लामच्या आणि यहुदी धर्माच्या चौकटींत त्या चपखल बसतात. अल्लाह एकच आहे असे सांगणारी तौहीद काय किंवा ‘प्रभू एकच आहे’ असे सांगणारी यहुदींची शेमा ही प्रार्थना काय, तिथे संदिग्धतेला फारसा वाव नाही. ख्रिस्ती चौकटीत ‘त्रैक्य’ (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच ईश्वर) हा शब्द जोडून ३२५ च्या निकिया धर्मपरिषदेचा उल्लेख केला आहे, तेही पुरेसे आहे. पण हिंदू चौकटीतली ‘अनेकेश्वरवादी’ ही चिठ्ठी जिथे लावली आहे तिथेच शंकराचार्यांचे अद्वैत आहे, मध्वाचार्यांचे द्वैत आहे, आणि वेदप्रामाण्य मानूनही जगाच्या निर्मात्या ईश्वराची गरज न वाटणारी पूर्वमीमांसाही आहे. जैन आणि बौद्ध यांना ‘निरीश्वरवादी’ म्हणताना जगत्कर्ता ईश्वर त्यांना मान्य नाही एवढेच सांगायचे असेल तर ठीक. पण दोन्ही परंपरांत देवलोक आहेत, देव आहेत, आणि ते देवही जन्ममरणाच्या फेऱ्यात अडकलेले आहेत. ‘निरीश्वरवादी’ या चिठ्ठीमुळे ही सगळी गंमत वाचकाच्या हातून निसटते.

‘मुख्य श्रद्धा’ ही ओळ माझ्या मते या तक्त्यातली सर्वांत दुबळी ओळ आहे. धर्म म्हणजे काही विधाने सत्य मानणे, ही कल्पना ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात फार महत्त्वाची ठरली. तिथे धर्मपरिषदांनी श्रद्धासूत्रे ठरवली आणि त्यांवरून पंथ फुटले. यहुदी परंपरेत भर आचारावर आहे. तोराहमध्ये, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांत, ६१३ आज्ञा आहेत अशी तिची पारंपरिक गणना आहे, आणि श्रद्धेची तेरा तत्त्वे यहुदी तत्त्वज्ञ मायमोनिडीसने मांडली ती बाराव्या शतकात, तीही वादाशिवाय स्वीकारली गेली नाहीत. इस्लामच्या पाच आधारस्तंभांपैकी पहिला, म्हणजे शहादा, श्रद्धेचा उच्चार आहे. नमाज, जकात, रोजे आणि हज या चारही कृती आहेत. तक्त्याने हे पाच स्तंभ ‘मुख्य श्रद्धा’ या मथळ्याखाली छापले आहेत. सुन्नी परंपरेत श्रद्धेची सहा कलमे वेगळी सांगितली जातात, शिया परंपरेत न्याय आणि इमामत (इमामांचे नेतृत्व) यांसह पाच मूलतत्त्वे सांगितली जातात. यांपैकी काहीच इथे नाही. जैन चौकटीत ‘अहिंसा’ एवढाच शब्द आहे. पाच व्रतांचा आणि अनेकान्ताचा, म्हणजे सत्याला अनेक बाजू असतात या विचाराचा, उल्लेख करायला जागा भरपूर होती.

बौद्ध चौकटीत चार आर्यसत्ये आणि अष्टांगिक मार्ग आहेत, जसे कोणत्याही देशात छापलेल्या तक्त्यात असतील. पण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, त्या घटनेला पंथांच्या ओळीत जागा नसणे ही गंभीर उणीव आहे. चार आर्यसत्ये ही बुद्धाची मूळ शिकवण आहे की नंतरची भर, हा प्रश्न आंबेडकरांनी आपल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच उपस्थित केला. कर्म आणि पुनर्जन्म यांच्या रूढ अर्थालाही त्यांनी आव्हान दिले. एकाच धर्माच्या आत मूलतत्त्व कोणते यावरच वाद असू शकतो, याचे याहून स्पष्ट आधुनिक उदाहरण सापडणे कठीण आहे.

मरणोत्तर गतीच्या ओळीत रंगांनी घोटाळा केला आहे. हिंदू, जैन, बौद्ध आणि शीख या चारही चौकटी एकाच हिरव्या रंगाच्या असून चारींत ‘कर्म व पुनर्जन्म’ एवढेच लिहिले आहे. जैन विचारात कर्म हे जीवाला चिकटणारे सूक्ष्म द्रव्य आहे, आणि तपाने ते झडते. बौद्ध विचारात नित्य असा आत्माच मानलेला नाही, त्यामुळे पुनर्जन्म कोणाचा, हा प्रश्नच तिथे वेगळ्या तऱ्हेने सोडवावा लागतो. शीख विचारात फेऱ्यातून सुटका होते ती ईश्वराच्या कृपेने आणि नामस्मरणाने. या चार धर्मांचे एकमेकांशी झालेले सर्वांत मोठे वाद नेमके याच मुद्द्यावरचे आहेत, आणि तक्त्याने ते एका रंगात बुडवले आहेत. यहुदी चौकट मात्र सुरेख झाली आहे : जुन्या ग्रंथांतले शेओल हे मृतांचे धूसर जग, दानिएलच्या ग्रंथातली पुनरुत्थानाची आशा, आणि ती मानणारे परुशी विरुद्ध न मानणारे सदूकी हे दोन यहुदी गट, हे सर्व चार ओळींत आले आहे. एवढ्याच जागेत इतरत्रही हे साधता आले असते.

चिनी परंपरांचा स्तंभ लवकर आटोपता येईल, कारण तो संपादकांनीही लवकर आटोपला आहे. कन्फ्यूशियस (इ.स.पू. ५५१ ते ४७९) आणि लाओत्से यांना एका चौकटीत कोंबले आहे, आणि लाओत्से ही एकच ऐतिहासिक व्यक्ती होती का, याबद्दलची शंका कुठे नोंदवलेली नाही. शिंतो धर्म तक्त्यातच नाही. जपानमध्ये शिंतो आणि बौद्ध संस्थांनी कळवलेल्या अनुयायांची बेरीज देशाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त भरते, कारण एकच माणूस दोन्हीकडे मोजला जातो. ही गोष्ट एका माणसाला एकच धर्म असतो या गृहीतकाला इतका छान धक्का देते की निदान पुस्तिकेत तरी ती यायला हवी होती. आफ्रिकेतील योरुबा परंपरेसारखे मौखिक धर्म आणि १९व्या शतकात उदयाला आलेला बहाई धर्म यांचीही पुस्तिकेत नुसती नावेच आहेत.

अनुयायांचे आकडे अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राच्या अहवालांतून घेतले आहेत. आकडे बरोबर असले तरी त्यांच्यासोबत एक सूचना हवी होती. या केंद्राच्या २०१२ च्या अहवालात जगातील बौद्धांची संख्या सुमारे ४८ कोटी ८० लाख होती आणि २०२५ च्या अहवालात ती सुमारे ३२ कोटी ४० लाख झाली. एवढे बौद्ध या काळात कमी झालेले नाहीत. फरकाचा मोठा भाग मोजणीच्या सुधारलेल्या पद्धतीचा आहे.

कालरेषेवरचा एक बाण बदलावा असे आवर्जून सुचवतो. जरथुश्त्री धर्मातून यहुदी धर्माकडे जाणारा बाण ठळक आणि सलग काढला आहे. इ.स.पू. ५३९ मध्ये इराणी सम्राट सायरसने बॅबिलोन जिंकले आणि निर्वासित यहुदींना परतण्याची मुभा दिली, हा संपर्क निश्चित आहे. पण अंतिम न्याय, पुनरुत्थान, देवदूत या कल्पना त्या संपर्कातून किती आल्या, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. तो बाण तुटक रेषेचा असायला हवा.

पुस्तिका तक्त्यापेक्षा सरस आहे. धर्मांच्या तौलनिक अभ्यासाचा इतिहास तिच्या शेवटच्या भागात आला आहे, आणि त्यात मॅक्स म्युलरच्या संपादनाखाली १८७९ पासून निघालेल्या पन्नास खंडांच्या पौर्वात्य धर्मग्रंथमालेचा उल्लेख करून, या अभ्यासाने सुरुवातीपासूनच ग्रंथांना झुकते माप का दिले हे सांगितले आहे. निनियन स्मार्ट या अभ्यासकाने धर्माची जी सात अंगे सांगितली, म्हणजे विधी, अनुभव, कथा, तत्त्वज्ञान, नीती, समाज आणि भौतिक वस्तू, त्यांचीही नोंद तिथे आहे. ते वाचताना वाटत राहते की हीच सात अंगे तक्त्याच्या ओळी का झाली नाहीत. तसे झाले असते तर शिंतोला जागा मिळाली असती, मौखिक परंपरांना जागा मिळाली असती, आणि ख्रिस्ती स्तंभालाही संस्कारविधी आणि संगीत यांविषयी काही बोलता आले असते.

छपाई स्वच्छ आहे, कागद जाड आणि न चमकणारा असल्याने दिव्याखाली वाचताना त्रास होत नाही. घडी मात्र नेमकी ‘धर्मग्रंथ’ या ओळीवर येते आणि तिथली शाई लवकर उडेल असे दिसते. तळटिपांचा टंक फार बारीक आहे.

परीक्षेसाठी तारखा आणि नावे हवी असतील, तर पाठ करण्याजोगा आणि विश्वास ठेवण्याजोगा मजकूर इथे पुष्कळ आहे. धर्म समजून घ्यायचा असेल तर पुस्तिका आधी वाचावी आणि तक्ता नंतर उलगडावा. वर्गात वापरणाऱ्या शिक्षकांनी डावीकडचे नऊ मथळे कागदाच्या पट्टीने झाकून ठेवावेत, विद्यार्थ्यांना एकेक स्तंभ उभा वाचायला लावावा आणि प्रत्येक चौकट कोणत्या प्रश्नाचे उत्तर असेल हे त्यांनाच ओळखू द्यावे. जैन आणि यहुदी स्तंभांपासून सुरुवात केली तर हा उपक्रम सर्वांत चांगला रंगेल.